जेवढ्या विटा, तेवढं घर

मातीच्या घराचं खूळ नवऱ्याचं. बाईचा त्याला विरोध नव्हता आणि उत्साहही नव्हता. लग्न झाल्यापासून तिने त्याची बरीच खुळं पाहिली होती. गच्चीवर मधमाश्या पाळून झाल्या, भंगारातले रेडिओ आणून बोलते करायचा नाद झाला, एकदा तर त्याने सायकलला शीड लावलं होतं. प्रत्येक खूळ काही महिने घरभर पसरायचं आणि मग आपोआप विझायचं. हेही विझेल म्हणून ती गप्प राहिली.

नवरा शाळेच्या प्रयोगशाळेत मदतनीस होता. निवृत्त झाल्यावर त्याच्या हातांना काही सुचेना. गावाबाहेर त्याच्या वडिलांनी घेऊन ठेवलेला जमिनीचा एक तुकडा होता, उंचसखल, झुडपांनी भरलेला. तिथली माती त्याने ठिकठिकाणी खणून बाटल्यांत भरली, पाणी घातलं, खळाखळा हलवलं आणि त्या बाटल्या स्वयंपाकाच्या ओट्यावर मांडून ठेवल्या. खाली वाळू बसली, तिच्यावर चिकणमाती, वर गढूळ पाणी. तो येता-जाता वाकून बघायचा. बाईला कुकर ठेवायला जागा उरली नाही. एका सकाळी तो म्हणाला, "अगं, ही माती विटांना लायक आहे. भट्टीत भाजायची गरजच नाही. थोडी वाळू, थोडं सिमेंट घालायचं आणि मशीनमध्ये घालून दाबायची. झाली वीट."

"दाबणार कोण?"

"मी."

"आणि उचलणार कोण?"

"तेही मीच. तू नुसती येत जा. झाडाखाली बसून चहा पी."

मशीन जुनंच मिळालं. एका माणसाने हौसेने घेतलं होतं आणि हौस फिटल्यावर गोठ्यात टाकलं होतं. जाड लोखंडी पेटी, वर झाकण आणि माणसापेक्षा लांब दांडा. पेटीत ओलसर माती भरायची, झाकण लावायचं, दांडा खेचून अंगाचा सगळा भार टाकून खाली दाबायचा. मग झाकण उघडून दांडा उलटा दाबला की वीट वर येते, कोरी, धारदार कडांची. ती दोन्ही तळव्यांत धरून अलगद उचलायची, कारण ताजी वीट बोट रुतलं तरी बिघडते. त्यानंतर तिला सावलीत रचून, पोत्याखाली झाकून, रोज पाणी मारायचं.

गवंड्याने दगडी जोतं बांधून दिलं आणि नवरा कामाला लागला. बाई एका मोटार ड्रायव्हिंग स्कूलमध्ये गाडी शिकवायची. गावातले अर्धे लोक तिच्या शेजारी बसून क्लच सोडायला शिकले होते आणि सगळे तिला मास्तरीणबाई म्हणत. सकाळी शिकवणी नसली की ती जागेवर जायची. चहा पीत बसणं तिच्याच्याने झालं नाही. तो दाबायचा आणि ती विटा उचलून रचायची. दोघांना बरं चाललं होतं. विटांची रास वाढत गेली आणि हे खूळ विझायचं लक्षण दिसेना.

मग एक दिवस दांडा खाली दाबताना नवरा तसाच वाकलेला राहिला. ओरडला वगैरे नाही. हळू आवाजात म्हणाला, "मला सरळ होता येत नाहीये."

वाळू टाकायला आलेल्या टेम्पोवाल्याने त्याला रिकाम्या पोत्यांवर आडवं घालून दवाखान्यात नेलं. मणक्याची चकती सरकली होती. डॉक्टरांनी काही महिने अंथरूण सांगितलं आणि पुढेही जड उचलायचं नाही, वाकायचं नाही, असं बजावलं.

घराचा विषय संपला असं बाई धरून चालली. नवऱ्याची काळजी होतीच, पण त्या काळजीच्या तळाशी थोडा सुटकेचा नि:श्वासही होता, हे ती नाकारू शकली नसती. नवरा मात्र भिंतीकडे तोंड करून पडून राहायचा. जेवण अर्धं ताटात उरायचं. काही विचारलं तर "हं" म्हणायचा. नणंद रोज भावाला बघायला यायची. ती स्वयंपाकघरात येऊन कुजबुजली, "वहिनी, दादाचा जीव त्या घरात अडकलाय. मला त्याचा स्वभाव माहीत आहे. बोलणार नाही, झुरत राहील."

बाई भांडी विसळत राहिली. पण नणंदेचं वाक्य कुसळासारखं आत राहिलं.

दोन-तीन दिवसांनी ती मशीनवर प्लास्टिक टाकायला म्हणून जागेवर गेली. तिथं नवऱ्याने चाळून ठेवलेल्या मातीचा ढीग होता. चांगली बारीक, भुरभुरीत माती. त्याने किती मन लावून चाळली होती, ते तिने पाहिलं होतं. एवढी वाया कशाला घालवायची, तिने मनात म्हटलं, हा ढीग संपवू आणि बंद करू. तिने साडीचा पदर खोचला.

ढीग संपला. पण तोवर वाळू उरली होती, आणि वाळूसाठी पुन्हा माती चाळावी लागली.

एकट्याने वीट पाडायची म्हणजे मशीनभोवती फिरत राहायचं. ते काम तिघांचं. घमेल्याने भरा, झाकण लावा, वळसा घालून दांड्याकडे जा, दाबा, परत वळसा घालून या, झाकण काढा, वीट वर काढा, उचला, सावलीत नेऊन ठेवा. बाई अंगाने किरकोळ. तिच्या वजनाने दांडा पूर्ण खाली यायचा नाही. तेव्हा ती दांड्याला दोन्ही हातांनी लोंबकळायची आणि पाय उचलून घ्यायची. शेवटचा कचका बसला की दात एकमेकांवर आपटायचे. माती जास्त ओली झाली तर साच्याला चिकटायची, कोरडी राहिली तर विटेचा कोपरा हातातच ढासळायचा. मुठीत गोळा करून कमरेइतक्या उंचीवरून टाकायचा आणि तो किती तुकड्यांत फुटतो ते बघायचं, हे नवऱ्याने शिकवलेलं तिच्या लक्षात होतं.

विटा पुरेशा झाल्यासारख्या वाटल्यावर तिने भिंती चढवायला घेतल्या. मोजायच्या टेपचं दुसरं टोक धरायला कुणी नव्हतं. तिथं ती दगड ठेवायची. दोरी ताणायची तर इकडच्या खिळ्याला बांधून तिकडे जायचं आणि तिकडे ओढली की इकडची सैल पडायची. वाकून थापीने माल पसरायचा, वीट बसवायची, ठोकायची, पुढची आणायला जायचं. दुपारपर्यंत पाठीचं लाकूड व्हायचं. मग घरी येऊन अंघोळ, नवऱ्याचं जेवण, आणि पुढे संध्याकाळपर्यंत शिकवण्या.

आणि फोन. ती जागेवर जायला लागली हे कळल्यापासून नवऱ्याचे फोन सुरू झाले होते.

"पाणी मारलंस का?"

"मारलं."

"कोपऱ्याला सांधमोड केलीस ना? सांध्यावर सांधा येता कामा नये."

"केली."

"ओळंबा लावून बघतेस ना?"

"अहो, हाताला माती आहे. ठेवू का?"

फोन ठेवून ती पुन्हा वाकायची. त्याला बोलावंसं वाटतंय, ताटातलं जेवण संपतंय, म्हणजे औषध लागू पडतंय, असा तिचा हिशेब. औषध म्हणजे ती भिंत. त्यामुळे थांबायची सोय राहिली नव्हती.

असे काही महिने गेले. एका संध्याकाळी चष्म्याच्या दुकानातला एक गृहस्थ गाडी शिकायला आला होता. मोकळ्या मैदानावर चकरा मारायच्या होत्या. "सरळ जा, वळणावर वेग कमी करा," एवढं बाई म्हणाली आणि तिला झोप लागली. उठली तेव्हा अंधारायला लागलं होतं, गाडी चालूच होती आणि पेट्रोलचा लाल दिवा लागला होता. तो गृहस्थ दोन्ही हातांनी चाक घट्ट धरून मैदानाला फेऱ्या घालत होता.

"मला उठवायचं नाही का?" बाई दचकून म्हणाली.

"तुम्ही फार दमलेल्या दिसलात," तो म्हणाला. "आणि थांबवली तर धक्का बसून जाग येईल, असं वाटलं. थांबवायला अजून नीट जमत नाही ना मला."

स्कूलच्या मालकाला ते कळलंच. तो रागावला नाही. म्हणाला, "मास्तरीणबाई, तुम्ही झोपलात तरी विद्यार्थी गाडी नीट चालवतो, ही आपल्या शाळेची जाहिरातच झाली. पण आता महिनाभर रजा घ्या."

रजा मिळाल्यावर विश्रांती घेण्याऐवजी बाई दिवसभर जागेवर राहायला लागली. एकदाचं संपवून टाकू, असं तिच्या डोक्याने घेतलं होतं. शरीर मात्र ऐकेना. विटा रोजच्यापेक्षा जड लागत. हातात थापी असताना ती मध्येच कुठेतरी बघत उभी राहायची आणि कशासाठी उभी आहे, ते तिला आठवायचं नाही.

त्याच दिवसांत मागची भिंत वाकडी झाली. दोरीच्या टोकावरचा दगड केव्हातरी सरकला होता आणि ती त्या सरकलेल्या दोरीवर थरांवर थर चढवत गेली. ओळंबा लावायचा कंटाळा केला होता. लावला तेव्हा दोऱ्याच्या टोकाचं वजन भिंतीपासून चांगलं लांब लोंबत राहिलं. ती बघत बसली. मग उठून वरच्या विटा काढायला लागली. माल अजून पुरता धरला नव्हता, विटा सुटत होत्या, पण प्रत्येक वीट खरवडून साफ करून खाली ठेवावी लागत होती. थोड्या काढल्यावर तिचे हात वर जाईनात. खांद्यापर्यंत उचलले की आपोआप खाली येत. तिने थापी बादलीत टाकली आणि ती घरी आली.

नवरा आता उशीला टेकून बसायला लागला होता. नणंद आलेली होती, आत भात वाढायच्या तयारीत होती. बाई हातपाय न धुताच पलंगासमोर खुर्चीवर बसली.

"मला नाही जमणार आता," ती म्हणाली.

"मग सोड," नवरा म्हणाला.

एवढं सरळ उत्तर येईल असं तिला वाटलं नव्हतं. तो समजूत घालेल, आता थोडंच राहिलंय म्हणेल, आणि मग आपण भांडू, अशी तिची तयारी होती.

"सोड म्हणजे?"

"म्हणजे उद्यापासून जाऊ नकोस."

"इतकं सोपं आहे?"

"त्यात अवघड काय आहे?"

"अहो, पहाटेपासून मी माती चाळते. हाताला घट्टे पडले, बघा. शिकवताना गाडीत झोप लागली मला. लोक हसले. हे सगळं कुणासाठी केलं मी?"

"तेच मला कळत नव्हतं," नवरा म्हणाला. "मी कधी म्हटलं का तुला, बांध म्हणून?"

बाईने आठवून पाहिलं. त्याने म्हटलं नव्हतं. एकदाही नाही.

"तुम्ही भिंतीकडे तोंड करून पडला होतात. जेवत नव्हतात. बोलत नव्हतात."

"कंबर दुखत होती गं. त्याच कुशीवर जरा बरं वाटायचं." चादरीचं टोक त्याने बोटाला गुंडाळलं, सोडलं. "आणि लाज वाटत होती. सगळं मी करतो म्हणालो आणि असा आडवा झालो. तुझ्याकडे कुठल्या तोंडाने बघणार? मग तू एकटीच जायला लागलीस. मला वाटलं, तुलाच गोडी लागली. म्हणून मी फोन करायचो. तुझा उत्साह मोडू नये म्हणून."

"दिवसभर? सारखे?"

"तू उचलायचीस. मला वाटलं, हवे आहेत तुला."

नणंद हातात डाव घेऊन दारात येऊन उभी राहिली होती. "पण मला तर वाटलं, दादाचा जीव..."

"तू थांब जरा," दोघं एकदमच म्हणाली.

बाईला हसू आलं, पण हसायला लागेल एवढंही त्राण अंगात नव्हतं. अर्ध्यातच ते विरलं आणि डोळ्यांत पाणी आलं. नवऱ्याने हात पुढे केला. तो तिच्यापर्यंत पोहोचत नव्हता आणि त्याला वाकता येत नव्हतं. तिने खुर्ची पुढे सरकवली. मातीने माखलेला तिचा हात त्याने मांडीवर घेतला, आणि नणंद भात गार होतोय हे सांगायला तोंड उघडून तशीच आत गेली.

त्यानंतर बाई झोपली. पुढचे कितीतरी दिवस ती जेवायची आणि झोपायची. रजा संपल्यावर पुन्हा शिकवायला जायला लागली. घराचं नाव कुणी काढलं नाही. नणंदेनेसुद्धा नाही, म्हणजे तिला ते किती जड गेलं असेल याची कल्पना यावी.

एक दिवस नव्या विद्यार्थ्याला घेऊन ती त्या बाजूच्या रस्त्याला गेली होती. गाडी थांबवायला सांगून ती खाली उतरली. भिंतींवरचं प्लास्टिक उडून झुडपाला अडकलं होतं. मध्येच येऊन गेलेल्या एका सरीने भिंतींच्या वरच्या कडा गोल झाल्या होत्या, जशी वापरलेल्या साबणाची वडी होते तशा. वाकडी भिंत तिने सोडली होती तशीच होती.

रात्रीच्या जेवणाला तिने नवऱ्याला सांगितलं. तो आता कमरेला पट्टा लावून घरात हिंडत होता.

"छप्पर नसलं की असंच व्हायचं," तो म्हणाला. "एका मोसमात पुन्हा मातीचा ढीग."

"होऊ दे."

"होऊ दे," त्यानेही म्हटलं.

जेवण उरकलं. ताटं उचलता उचलता तिने विचारलं, "तुम्हाला हवंय का ते घर? खरं सांगा. माझ्याकडे बघून सांगू नका."

त्याने कमरेचा पट्टा जरा सैल केला. "आधी फार हवं होतं. आता तेवढं नाही. तू ज्या अवस्थेत परत यायचीस, ते बघून माझी हौस गेली. पण त्या भिंती तू उभ्या केल्यात. त्या विरघळताना बघणंही माझ्याच्याने होणार नाही." मग म्हणाला, "आणि तुला?"

"मला काय हवंय ते बघायला वेळच मिळाला नाही." ती ताटं घेऊन आत गेली आणि परत आली. "मी आता एकही नवी वीट पाडणार नाही."

"नको."

"आहेत त्यांत जे होईल ते. मी दुपारी काम थांबवणार. रविवारी जाणार नाही. आणि तुम्ही फोन करायचा नाही."

"मी यायचं का?"

ते तिच्या डोक्यात आलं नव्हतं. "या," ती म्हणाली. "खुर्ची घेऊन या."

उरलेल्या विटांचा तिने अंदाज सांगितला. त्याने वर्तमानपत्राच्या कोऱ्या कडेवर पेन्सिलीने जुना नकाशा काढला आणि एकेक भाग खोडत गेला. कोठीची खोली गेली. पाहुण्यांची गेली. त्याची स्वतःची कामाची खोली, जिच्यात भिंतभर फळ्या मारून तो बाटल्या ठेवणार होता, ती त्याने स्वतःच खोडली. बाई म्हणाली, "ती राहू द्या की." तो म्हणाला, "विटा कुठे आहेत?" शेवटी एक मोठी खोली, तिच्या मागे छोटं स्वयंपाकघर आणि समोर ओसरी एवढं उरलं.

मग काम पुन्हा सुरू झालं, पण फार सावकाश. नवरा कमरेला पट्टा बांधून प्लास्टिकच्या खुर्चीवर बसायचा, दोरीचं एक टोक धरायचा, टेपचं टोक धरायचा, पाइपने भिंतींवर पाणी मारायचा. वीट त्याला उचलता येत नव्हती. विटा सगळ्या तिलाच उचलाव्या लागत, माल तिलाच कालवावा लागे. काम तसं अजूनही एकटीचंच होतं. फरक इतकाच, की आता दगडाऐवजी दोरी माणसाच्या हातात होती. वाकडी भिंत दोघांनी मिळून उतरवली, म्हणजे तिने उतरवली आणि तो प्रत्येक वीट मांडीवर घेऊन खरवडत बसला. कधी त्याला राहवायचं नाही. "अगं, माल जरा पातळ झालाय..." तो सुरू करायचा आणि बाई हातातली थापी त्याच्यापुढे धरायची. तो गप्प व्हायचा.

ओसरीची भिंत गुडघ्याइतकी आली आणि विटा संपल्या. राशीच्या जागी फक्त तुकडे आणि ओलसर चौकोन राहिले. बाईने मशीनकडे पाहिलंसुद्धा नाही. छपराचं काम घ्यायला आलेला सुतार म्हणाला, "पुढे लाकडी खांब उभे करतो. पत्र्याचा भार ते घेतील. भिंत एवढीच असू द्या, बसायला होईल."

तो काम सुरू करण्याआधी आतून-बाहेरून फिरला. भिंतींवर तळवा फिरवत होता.

"कुणी बांधलं?"

"मी," बाई म्हणाली.

तो बाजूच्या भिंतीपाशी थांबला. तिथले सांधे जाड-बारीक झाले होते. "इथं दमलात तुम्ही," तो म्हणाला.

"तिथंच नाही," बाई म्हणाली. "सगळीकडेच."

सुतार हसला नाही. मान हलवून त्याने वासे उतरवून घ्यायला सुरुवात केली.

छप्पर झालं, दार बसलं आणि एका दुपारी त्यांनी सामान आणलं. फार नव्हतं. पलंग, शेगडी, भांडी, कपड्यांच्या दोन पेट्या. नणंद प्रत्येक भिंतीला हात लावून कौतुक करत होती. आत किती गार आहे म्हणत होती. "दादाने मनात आणलं आणि करून दाखवलं," ती म्हणाली. नवऱ्याने बाईकडे पाहिलं. तो काही बोलणार तोच बाईने हातानेच राहू द्या म्हटलं. नणंदेला समजावून सांगायचं म्हणजे पहिल्यापासून सगळं सांगायला लागलं असतं.

संध्याकाळी नणंद गेली. बाई ओसरीच्या ठेंगण्या भिंतीवर, खोलीकडच्या टोकाला बसली होती. नखांच्या कडांना राखाडी माल इतका मुरला होता, की तो निघेल असं वाटत नव्हतं. पाठीला आतली भिंत लागत होती. नवरा दारात आला. एवढं खाली वाकता येत नसल्यामुळे तो तिच्याशेजारी बसू शकला नाही, खांबाला धरून उभा राहिला.

"आवडलं का तुला?" त्याने विचारलं.

समोरच्या रस्त्यावरून एक गाडी गचके खात गेली. कुणीतरी क्लच लवकर सोडत होतं.

"आत्ता विचारू नका," ती म्हणाली. "वर्षभर विचारू नका."

"बरं," नवरा म्हणाला.

तो आत गेला. एक हात भिंतीवर ठेवून, हळूहळू. चहाचं भांडं शोधल्याचा आवाज आला, मग पेट्यांची उघडझाप केल्याचा. काडेपेटी कुठे आहे ते बाईला माहीत होतं. तिने सांगितलं नाही, उठलीही नाही. त्याला ती यथावकाश सापडली.